बंदरातलं पाणी कुठे जातं?

*समुद्रातल्या बंदराचं पाणी भरती-ओहोटी बदलते. सरोवराला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. मग सरोवरकाठच्या बंदरातलं पाणी बदलतं कसं, आणि बदललं नाही तर काय होतं? उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांवर झालेल्या संशोधनाची ही गोष्ट. नभोवाणीवरील भाषणाचा हा संपादित भाग.*

भरलेली बादली उचलून चार पावलं चाललं की पाणी हिंदकळतं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. आपण थांबलो तरी ते लगेच थांबत नाही. एका काठाला चढतं, तिथून उतरतं आणि समोरच्या काठाला चढतं. काही वेळ हे चालतं आणि मग पाणी शांत होतं. नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. हेलकावा मोठा असो की लहान, त्याला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच असतो. बादलीत तो सेकंदभराहून कमी असतो, मोठ्या घंगाळात थोडा जास्त. आता हीच बादली तीनशे किलोमीटर लांब आहे अशी कल्पना करा. तिच्यातलं पाणी हिंदकळेल का? आणि हिंदकळलं, तर एका हेलकाव्याला किती वेळ लागेल?

हा प्रश्न गमतीचा वाटेल, पण लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याशी त्याचा संबंध आहे. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

उत्तर अमेरिकेत, अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेलगत पाच प्रचंड सरोवरं आहेत. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ओंटारिओ. पाचांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर भरतं. आपल्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे महाराष्ट्राचा पाऊण हिस्सा बुडून जाईल, एवढी ही सरोवरं! पृथ्वीच्या पाठीवर द्रवरूपात असलेल्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या या पाच सरोवरांत आहे. तीन कोटींहून अधिक लोक त्यांचं पाणी पितात.

शिकागो, मिलवॉकी, टोरांटो, हॅमिल्टन अशी मोठमोठी शहरं या सरोवरांच्या काठी वाढली. शहर आलं की बंदर आलं. जहाजांना लाटांचा मार बसू नये म्हणून भिंती घालून, किंवा निसर्गानेच तयार केलेल्या बाकाचा आसरा घेऊन, शांत पाण्याची जागा तयार केली गेली. कारखाने त्या जागेच्या काठाने उभे राहिले. नद्या, नाले आणि सांडपाणीही तिथेच येऊन मिळू लागलं. आणि यातल्या बहुतेक शहरांनी पिण्याचं पाणीही त्याच सरोवरातून घेतलं. गटारातून जाणारं पाणी आणि नळाला येणारं पाणी यांच्यामध्ये काही किलोमीटर सरोवर आणि एक शुद्धीकरण केंद्र, एवढंच अंतर राहिलं.

मुंबई-रत्नागिरीकडच्या माणसाला बंदरातलं पाणी बदलतं कसं, हे सांगावं लागत नाही. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी होते. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरतीचं पाणी पावणेपाच-पाच मीटरपर्यंत चढतं. उलट महासरोवरांत चंद्र-सूर्यामुळे येणारी भरती पाच सेंटिमीटरहूनही कमी, म्हणजे जेमतेम दोन-तीन बोटं. मग भिंतीआडचं पाणी रोज ढवळणारं, बाहेर नेणारं आणि ताजं आणणारं तिथे कोण आहे?

बंदराच्या तोंडाशी उभा राहिलेला डॉक्टर

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात अमेरिकेत नव्हे, स्वित्झर्लंडमध्ये झाली. जिनिव्हा सरोवराच्या काठी मॉर्ज नावाचं छोटं गाव आहे. तिथे १८४१ मध्ये जन्मलेले फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल हे शिक्षणाने डॉक्टर. पुढे लोझानला त्यांनी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, पण जीव जडला तो घरासमोरच्या सरोवरावर. या सरोवराचं पाणी मधूनच चढतं आणि उतरतं, हे तिथल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक होतं. त्याला ते 'सेश' म्हणत. कारण मात्र कुणाला नक्की सांगता येत नव्हतं.

१८६९ च्या सुमारास फोरेल यांचं लक्ष मॉर्जच्या छोट्या बंदराच्या अरुंद तोंडाकडे गेलं. तिथे पाणी काही वेळ आत वाहायचं, मग थांबायचं आणि उलटं फिरून बाहेर वाहू लागायचं. सरोवराची पातळी एखाद-दोन सेंटिमीटरने वाढली तर काठावर उभ्या माणसाला ती दिसत नाही. पण तेवढीच वाढ सगळ्या बंदरात व्हायची, तर तेवढं सगळं पाणी अरुंद तोंडातूनच आत यावं लागतं. त्यामुळे तोंडाशी प्रवाह स्पष्ट दिसतो. वैद्याला मनगटापाशी नाडी लागते, तशी या डॉक्टरला सरोवराची नाडी बंदराच्या तोंडाशी लागली.

मग त्यांनी एक साधं उपकरण केलं. काठावर लहानसं कुंड, कुंडापासून सरोवरापर्यंत नळी आणि नळीत एक हलका तरंगता तुकडा. पाणी कुंडाकडे निघालं की तुकडा एकीकडे सरकणार, सरोवराकडे निघालं की दुसरीकडे. घड्याळ घेऊन ते तासन् तास नोंदी करत बसत. निष्कर्ष निघाला तो असा, की जिनिव्हा सरोवर लांबीच्या दिशेने हिंदकळतं तेव्हा एका पूर्ण हेलकाव्याला सुमारे ७३ मिनिटं लागतात आणि रुंदीच्या दिशेने साधारण १० मिनिटं. अख्खं सरोवर म्हणजे एक मोठं घंगाळ होतं! फोरेल यांनी पुढे या सरोवरावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. आज त्यांना सरोवरशास्त्राचे जनक म्हणतात.

घंगाळाला धक्का कोण देतं? कधी वारा, कधी हवेचा दाब. वारा बराच वेळ एका दिशेने वाहिला की पाणी एका टोकाला ढकललं जातं. वारा पडला की ते परत फिरतं आणि हेलकावे सुरू होतात. ओंटारिओ सरोवर सुमारे ३११ किलोमीटर लांब आहे. त्याच्या लांबीच्या दिशेने होणाऱ्या एका हेलकाव्याला साधारण पाच तास लागतात. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. ईरी सरोवर उथळ आहे आणि नेमकं वाऱ्याच्या दिशेने पसरलेलं आहे. तिथे मोठ्या वादळात दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरहूनही अधिक फरक पडतो.

हे हेलकावे कधी जीवही घेतात. २६ जून १९५४, शनिवारची सकाळ. शिकागोच्या मॉन्ट्रोज बंदराच्या धक्क्यावर हौशी लोक गळ टाकून बसले होते. पहाटे सरोवरावरून वादळी ढगांची एक रांग वेगाने सरकत गेली होती, पण आता हवा निवळली होती. साडेनऊच्या सुमारास काही कळायच्या आत पाणी सुमारे दहा फूट चढून धक्क्यावर आलं. आठ जण त्यात दगावले. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. वादळाबरोबर हवेच्या दाबात अचानक उडी झाली आणि तिने पाण्यात लाट उठवली. ढगांचा वेग आणि लाटेचा वेग जुळल्यामुळे ती वाढत गेली. आधी ती पलीकडच्या किनाऱ्यावर आपटली आणि तिथून परत फिरून सुमारे सव्वा तासाने शिकागोला आली. वादळ निघून गेलं होतं, पण त्याची लाट मागे राहिली होती.

पाण्याखालचं दुसरं सरोवर

आतापर्यंत आपण पृष्ठभागाबद्दल बोललो. पण उन्हाळ्यात या सरोवरांत जणू एकावर एक अशी दोन सरोवरं असतात.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. उन्हाळ्यात वरचा थर तापून वीस अंशांच्या पुढे जातो, हलका होतो आणि वरच राहतो. खाली चार-पाच अंशांचं जड, थंड पाणी. दोन्हींच्या मध्ये एक पातळ थर असतो. तिथे तापमान झपाट्याने बदलतं. गरम आमटीवर तुपाचा तवंग राहतो, तसं हे वेगळेपण टिकून राहतं. टोरांटो शहराने याचा चांगला उपयोग करून घेतला आहे. २००४ पासून तिथे किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आत, ८३ मीटर खोलीवरून थंड पाणी आणतात. त्याच्या गारव्यावर शहराच्या मध्यभागातल्या मोठमोठ्या इमारती थंड केल्या जातात आणि ते पाणी पुढे पिण्यासाठी वापरलं जातं.

दोन थरांमधली सीमाही हिंदकळते. दोन्ही थरांच्या वजनात फारसा फरक नसल्यामुळे ती फार मोठी वर-खाली होते, आणि अगदी सावकाश. वर पाणी काही सेंटिमीटर हललं तर खाली ही सीमा कित्येक मीटर हललेली असते. किनाऱ्यावर उभ्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही.

मग ते कळलं कसं? क्लिफर्ड मॉर्टिमर या शास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या विंडरमिअर तळ्यावर या आतल्या हेलकाव्यांचा अभ्यास केला होता. पुढे ते अमेरिकेत मिलवॉकीला स्थायिक झाले. मिशिगन सरोवरासाठी त्यांनी एक अगदी घरगुती मार्ग काढला. काठावरच्या शहरांची पाणीपुरवठा केंद्रं आत येणाऱ्या पाण्याच्या तापमानाची नियमित नोंद ठेवत. मॉर्टिमर यांनी वेगवेगळ्या शहरांच्या या नोंदी गोळा करून शेजारीशेजारी मांडल्या. तापमानातले चढउतार एका शहरानंतर दुसऱ्या शहरात, क्रमाक्रमाने किनाऱ्याने सरकताना दिसले. पाण्याखालची लाट सरोवराला वळसा घालत होती आणि तिचा पुरावा पाणीपुरवठा खात्याच्या नोंदवह्यांमध्ये पडून होता.

यात पृथ्वीच्या फिरण्याचाही हात आहे. उत्तर गोलार्धात वाहतं पाणी वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे ढकललं जातं. ओंटारिओ सरोवरावर पश्चिमेचा वारा सुटला की उत्तर किनाऱ्याचं कोमट पाणी दक्षिणेकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर जातं. त्याची जागा घ्यायला तळातलं थंड पाणी वर येतं. भर उन्हाळ्यात टोरांटोच्या किनाऱ्यावर काल वीस अंशांचं असलेलं पाणी आज दहा अंशांच्या खाली गेलेलं असतं. ऊन तेच, आकाश तेच, पण पोहायला उतरलेला माणूस किंचाळत बाहेर येतो!

लोट्यात अडकलेलं पाणी

हे सगळं एका ठिकाणी पाहायचं असेल तर हॅमिल्टनच्या बंदरात पाहावं. ओंटारिओ सरोवराच्या पश्चिम टोकाला वसलेलं हे शहर म्हणजे कॅनडाच्या पोलाद उद्योगाचं माहेरघर. सरोवराच्या लाटांनी इथे वाळूचा एक लांबलचक दांडा घातला आणि त्याच्यामागे सुमारे साडेएकवीस चौरस किलोमीटर पाणी अडकलं. जहाजांसाठी १८२६ मध्ये या दांड्यातून कालवा खुला झाला. आज तो सुमारे ८३६ मीटर लांब, ८९ मीटर रुंद आणि साडेनऊ मीटर खोल आहे. बंदर मात्र काही ठिकाणी वीस मीटरहून खोल आहे. म्हणजे आकार झाला लोट्यासारखा. पोट मोठं, गळा अरुंद, आणि गळ्याची पातळी तळापेक्षा बरीच वर.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की आवाज येतो. बाटलीतली हवा गळ्यातून आत-बाहेर करते, म्हणून तो येतो. हॅमिल्टनचं बंदरही सरोवराच्या हेलकाव्यांमुळे असंच कालव्यातून आत-बाहेर करतं, फक्त एका वेळेला काही तास घेतं. पण पाणी आत-बाहेर झालं म्हणजे ते बदललं असं नाही. रांगेतली माणसं चार पावलं पुढे गेली आणि चार पावलं मागे आली, तर रांगेत माणसं तीच राहतात. हेलकावा कालव्याच्या लांबीपेक्षा छोटा असेल तर तेच पाणी कालव्यात येरझारा घालतं.

खरी अदलाबदल उन्हाळ्यात होते, आणि तीही थरांमुळे. बंदराचं पाणी कोमट, सरोवराचं थंड आणि जड. दोन्ही कालव्यात समोरासमोर येतात, तेव्हा थंड पाणी तळाने आत घुसतं आणि कोमट पाणी त्याच्यावरून बाहेर पडतं. एकाच कालव्यात, एकाच वेळी, दोन उलट दिशांचे प्रवाह! आत आलेलं पाणी उतारावरून घसरत बंदराच्या खोलगट भागाकडे जातं. हे किती होणार ते वाऱ्यावर ठरतं. वाऱ्यामुळे कालव्याच्या बाहेर थंड पाणी वर आलं असेल तर भरपूर, आणि कोमट पाणी तिथे साचलं असेल तर अगदी थोडं.

याला एवढं महत्त्व का? कारण या बंदराने एका शतकाहून अधिक काळ शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांची घाण पोटात घेतली आहे. महासरोवरांच्या काठची अतिप्रदूषित ठिकाणं म्हणून दोन्ही देशांनी ४३ जागा ठरवल्या, त्यात हॅमिल्टन आहे. सांडपाण्यातल्या खतामुळे शेवाळ माजतं, मरतं आणि तळाशी जातं. ते कुजवणारे जिवाणू तिथला प्राणवायू वापरून टाकतात. वरच्या थराचं झाकण बसलेलं असल्यामुळे हवेतून नवा प्राणवायू खाली पोहोचत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस तळाचं पाणी जवळजवळ निष्प्राण होतं. सरोवराचं थंड पाणी आत येतं ते प्राणवायू घेऊन. म्हणजे उपकारच झाले. पण त्याच थंड पाण्यामुळे दोन थरांमधला फरक वाढतो, झाकण आणखी घट्ट बसतं आणि वरून मिळणारा प्राणवायू आणखी कमी होतो. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घ्यावं, तसं हे आहे.

त्यातच एखाद्या दिवशी वारा जोराने सुटतो. वरचं पाणी एका काठाला ढकललं जातं आणि दुसऱ्या काठाला तळातलं निष्प्राण पाणी वर येतं. काठाजवळच्या माशांना पळायला वाट राहत नाही. अशा वेळी मेलेले मासे तरंगताना दिसले की लोक कारखान्याने काय सोडलं ते शोधू लागतात. त्या दिवशी कुणी काहीच सोडलेलं नसतं, अनेक वर्षं सोडलेलं होतं ते त्या दिवशी वर आलेलं असतं.

तळाच्या गाळाचंही तेच. या बंदरातल्या रँडल रीफ भागात कोलटारसारख्या विषारी द्रव्यांनी भरलेला गाळ साठलेला होता. जहाजांच्या पंख्यांनी आणि लाटांनी तो ढवळला जाऊन इतरत्र पसरण्याचा धोका होता. २०१५ पासून तिथे पोलादी भिंतींची सुमारे सव्वासहा हेक्टरची एक बंद पेटी बांधण्याचं काम हाती घेतलं गेलं. सुमारे ६ लाख ९५ हजार घनमीटर गाळ बंदिस्त करण्याची ही योजना. जी घाण पाण्यात टाकायला काही खर्च आला नव्हता, ती आवरायला तेरा कोटी डॉलरहून अधिक खर्च लागला.

एका शहराला आलेली जाग

पाणी कुठून कुठे जातं, हा प्रश्न वेळेवर विचारला नाही तर काय होतं, हे १९९३ मध्ये मिलवॉकीने पाहिलं. मिशिगन सरोवराच्या काठच्या या शहरात तीन नद्या एकत्र येऊन लाटरोधक भिंतीआडच्या बंदरात उतरतात. शहराचं सांडपाणी शुद्ध करून तिथेच सोडलं जातं. जोराचा पाऊस झाला की काही वेळा न शुद्ध केलेलं मैलापाणीही त्यात जाई. बंदराच्या दक्षिणेला सरोवरात एका जलशुद्धीकरण केंद्राची नळवाहिनी पाणी खेचत होती. बंदरातलं पाणी भिंतींच्या फटींतून बाहेर पडल्यावर सरोवरात विरून जातं, असं गृहीत धरलेलं होतं.

ते तसं विरत नाही. नदीचं गढूळ पाणी बराच वेळ आपला पट्टा टिकवून किनाऱ्याच्या कडेकडेने सरकतं. वारा आणि प्रवाह उत्तरेचे असतील तर दक्षिणेला, दक्षिणेचे असतील तर उत्तरेला. त्या वर्षी मार्चमध्ये पाऊस पडला, बर्फ वितळलं, नद्या फुगल्या. दक्षिणेकडच्या केंद्रात येणारं पाणी गढूळ झालं आणि तिथली गाळण्याची व्यवस्थाही कमी पडली. पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परजीवी घरोघर गेला. क्लोरीनला तो दाद देत नाही. शहरभर जुलाबाची साथ पसरली. औषधांच्या दुकानांतली जुलाबाची औषधं संपली. ७ एप्रिलला पाणी उकळून पिण्याचा इशारा दिला गेला आणि दोन दिवसांनी ते केंद्र बंद झालं. तोवर सुमारे चार लाख तीन हजार लोक आजारी पडले होते, असा अंदाज पुढे निघाला. पन्नासहून अधिक माणसं दगावली. त्यांतले बहुतेक जण प्रतिकारशक्ती आधीच खालावलेले रुग्ण होते.

सुरुवातीला बोट गोठ्यांकडे गेलं, कारण हा परजीवी गुरांतही असतो. पुढे जनुकीय तपासणीत तो माणसांत आढळणाऱ्या जातीचा निघाला. म्हणजे शहराची घाण बंदरातून फिरून शहराच्याच पेल्यात आली असावी. त्यानंतर केंद्राची गाळण सुधारली, ओझोनची प्रक्रिया आली आणि पाणी खेचण्याचं तोंड बंदराच्या पट्ट्याबाहेर, सरोवरात आणखी एक किलोमीटरहून अधिक आत नेलं गेलं. हा शेवटचा उपाय निव्वळ पाण्याच्या हालचालीच्या अभ्यासातून आलेला आहे. औषध नाही, गोळी नाही. नळाचं तोंड योग्य जागी असावं, एवढंच.

पाण्याचा माग

आज या अभ्यासाची साधनं बदलली आहेत. दोरीला ठरावीक अंतरावर तापमापक बांधून ती तळापासून वरपर्यंत उभी सोडतात. प्रत्येक तापमापक काही मिनिटांनी नोंद करतो आणि थरांची हालचाल कागदावर उतरते. तळाशी ठेवलेलं दुसरं यंत्र वरच्या दिशेने ध्वनिलहरी सोडतं. पाण्यातल्या कणांवरून परतणाऱ्या लहरींच्या स्वरातल्या बदलावरून वेगवेगळ्या खोलीवरचा प्रवाह कळतो. स्टेशनात शिरणाऱ्या आणि निघून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा स्वर बदलतो, त्याच तत्त्वावर हे चालतं. कुठे निरुपद्रवी लाल रंग पाण्यात सोडून तो कसा पसरतो ते पाहतात. या सगळ्या नोंदींवरून संगणकात बंदराची प्रतिकृती तयार होते. मग पाऊस असा पडला आणि वारा तसा वाहिला तर मैलापाणी किती तासांत कुठे पोहोचेल, याचा अंदाज करता येतो. हॅमिल्टनच्या कालव्याला लागूनच कॅनडाच्या अंतर्देशीय जलसंशोधनाचं मोठं केंद्र उभं आहे, हा काही योगायोग नव्हे.

या अभ्यासात एक आकडा फार महत्त्वाचा असतो. पाण्याचा थेंब आत आल्यावर बाहेर पडेपर्यंत सरासरी किती दिवस राहतो? एक दिवस राहणार असेल तर बंदर बरंच काही सोसू शकतं. महिनोन्महिने राहणार असेल तर थोडी घाणही पुरते. घाण किती टाकली, हा अर्धा हिशेब झाला. पाणी किती दिवसांनी बदललं, हा उरलेला अर्धा.

आपल्याकडे हे शास्त्र परकं नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून सुरू असलेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांत भरती-ओहोटी घडवून पाहतात. पण सर्वसामान्य बोलण्यात आपण अजून असं समजतो, की समुद्राने घाण नेली म्हणजे ती गेली. अरुंद खाडीत ओहोटीने बाहेर गेलेल्या पाण्यातलं बरंचसं पाणी पुढच्या भरतीला परत येतं. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा दुपारच्या भरतीने मिठी नदीची माहीमच्या खाडीतली वाट अडवून धरली होती. पाऊस किती पडला, याइतकाच पाण्याला बाहेर जायला वाट केव्हा मिळाली, हाही प्रश्न होता.

म्हणून पुढच्या वेळी कुठे खाडीत भराव, बंदराची नवी भिंत किंवा सांडपाण्याची नवी वाहिनी होणार अशी बातमी वाचाल, तेव्हा खर्चाच्या आणि मुदतीच्या आकड्यांशी थांबू नका. इथलं पाणी आता कुठून येतं, कुठे जातं आणि काम झाल्यावर ते किती दिवस इथेच अडकून राहील, हेही विचारा. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मॉर्जच्या धक्क्यावर एका डॉक्टरने घड्याळ हातात धरून हाच प्रश्न विचारला होता. तो विचारायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.